नळ-दिव्याचं खातं

“तुम्ही जा तिकडे,” इंदू म्हणाली. “माझं ती ऐकायची नाही.”

ती नुकतीच विधानभवनातून आली होती. चपलाही न काढता सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसली आणि पदराने मान पुसू लागली. डिसेंबरातल्या नागपुरात कुणाला घाम येत नाही. मी संत्रं सोलत होतो. अर्धं तिच्यापुढे धरलं, तिने मानेनेच नको म्हटलं.

ती म्हणजे अनसूयामावशी. मंगसूरला बेलदारपुऱ्यात आमच्या शेजारची. सत्तरीच्या पुढची, साखरेचा आजार असलेली बाई. पुऱ्यातल्या बायकांना घेऊन ती अधिवेशनावर मोर्चा आणून बसली होती. प्रत्येकीच्या डोक्यावर रिकामी घागर. पोलीस ज्या चौकात मोर्चे अडवतात तिथेच मावशीने सतरंजी टाकली आणि शनिवारपासून अन्न सोडलं.

मागणी एकच होती. सरकारने हुकूम काढला होता की नगरपालिकांच्या गावांमधले रस्त्यावरचे सार्वजनिक नळ नव्या वर्षापासून बंद होणार. ज्याला पाणी पाहिजे त्याने घरात मीटरचा नळ घ्यावा. आमच्या पुऱ्यात कित्येकांचं घर म्हणजे एका भिंतीला टेकवलेले चार पत्रे. तिथे नळ कुठे घेणार आणि मीटर कुठे लावणार? ते नळ ज्या खात्याकडे होते त्या खात्याची मंत्री होती इंदू. इंदुमती मनोहर ढोकणे, राज्यमंत्री. माझी बायको.

तिने मला सगळं नीट समजावून सांगितलं. दुपारी सभागृहात नळांचा प्रश्न निघाला. तिने उभं राहून सांगितलं की जिथे सार्वजनिक नळ आहेत तिथे ते चालूच राहतील, असं मी शासनाच्या वतीने आश्वासन देते. मंत्र्याने बाहेर कुठे काहीही बोलावं, पण सभागृहात दिलेल्या आश्वासनाने सरकार बांधलं जातं, हे मलाही तोवर ठाऊक झालं होतं. पण हेच इंदूने चौकात जाऊन सांगितलं असतं तर मावशी म्हणाली असती, मंत्री लोक बोलतातच.

मी विचारलं, “इंदू, नक्की ना? तिथे सगळा आपला पुरा बसलाय.”

“कामकाजात नोंद झाली आहे,” ती म्हणाली. “माझ्या तोंडचे शब्द आहेत. जा तुम्ही.”

याला आता सव्वीस वर्षं झाली. इंदू गेल्या श्रावणात गेली. मी मोटारी भरणारा माणूस, म्हणजे पाण्याची मोटार जळाली की आतली जुनी तार काढून नवी भरून देणारा. लिहायची सवय नाही. पण मागच्या महिन्यात एक प्राध्यापक घरी आले. इंदूच्या त्या खात्याचा इतिहास लिहीत होते. कोण कोण मंत्री झाले, खातं कधी निघालं, कधी मोडलं, हे सगळं त्यांना पाठ होतं. त्यांचं म्हणणं असं, की इंदुमतीबाईंनी गरिबांच्या बाजूने सभागृहात शब्द दिला म्हणून वरच्या लोकांनी ते खातंच मोडून टाकलं. मला म्हणाले, बाईंनी मोठी किंमत मोजली. मी त्यांना चहा घ्या म्हणालो. ते गेले आणि मी दिवा न लावता बसून राहिलो. म्हणून हे लिहितो.

त्या खात्याचं कागदावरचं नाव लोकोपयोगी सेवा खातं. सगळे त्याला नळ-दिव्याचं खातं म्हणत. इंदूचे खाजगी सचिव होते चौबळ. मुंबईचे, सडसडीत, नेहमी पांढऱ्या शर्टात. त्यांनी या खात्याचे बरेच मंत्री पाहिले होते. नागपूरला आलो त्याच दिवशी त्यांनी मला सगळी कहाणी सांगितली होती. राज्य नवं होतं तेव्हा वीज, पाणी, एसटी, खाडीवरच्या तरीच्या होड्या, सगळं एकाच मंत्र्याकडे होतं. कोकणातले एक वकील होते. त्यांनी ते खातं मागून घेतलं आणि गावोगाव फिरून नळ-दिवे नेले. पुढे विजेला महत्त्व आलं, तेव्हा वीज एकाने ओढून नेली. एसटी दुसऱ्याने नेली. उरले रस्त्यावरचे नळ, रस्त्यावरचे दिवे आणि मुताऱ्या. मग खातंच बंद केलं. काही वर्षांनी पाच आमदार घेऊन एक गृहस्थ सरकारात आले. त्यांना लाल दिव्याची गाडी द्यायची होती आणि द्यायला खातं नव्हतं, म्हणून हे पुन्हा उघडलं. ते गृहस्थ दालनात फक्त जेवायला येत. ते गेले, खातं गेलं. मग आणखी एकदा उघडलं, आणखी एकदा बुडालं. आणि या दिवाळीत बाईंसाठी परत उघडलं.

चौबळ म्हणाले होते, “हे खातं गणपतीसारखं आहे ढोकणे. बसवतात मनोभावे. पण उठवायची तारीख बसवतानाच ठरलेली असते.”

मी हसलो होतो. इंदू आत साडीच्या निऱ्या करत होती. तिने ऐकलं असणार.

इंदूला ते खातं मिळालं ते नानासाहेब ठोसरांमुळे. नाना आमच्या जिल्ह्याचे मोठे पुढारी, नगरविकास मंत्री. इंदू शिवणाच्या क्लासला बायका शिकवायची तेव्हा त्यांनीच तिला नगरपालिकेला उभं केलं, पुढे आमदार केलं. दर भाऊबीजेला ती त्यांना ओवाळायची. नळ बंद करायचा मूळ हुकूम नानांच्याच खात्याने काढला होता. त्यामुळे इंदूने सभागृहात उलटा शब्द दिला याचं मला कौतुक वाटलं होतं. मला वाटलं, भावासमोर उभी राहिली.

चौकात ऊन उतरायला लागलं होतं. दोरखंडापलीकडे पोलीस, अलीकडे आमचा पुरा. घागरी उपड्या घालून बायका त्यांवर बसल्या होत्या. मावशी सतरंजीवर आडवी होती. मला बघून उठून बसली. ओठ सुकून पांढरे पडले होते, पण जीभ तशीच.

“काऊन गा मन्हर,” ती म्हणाली, “तुह्यी बायको कुठी हाय? लाल दिव्याच्या गाडीले इथलोक रस्ता नाही काय?”

बायका हसल्या. एकीने मला बसायला आपली घागर दिली. मी सभागृहात काय झालं ते सांगितलं. मावशीने मध्ये तोंड घातलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग पुन्हा एकदा सांगायला लावलं. आदल्या दिवशी एक मंत्री रसाचा पेला आणि फोटोवाले घेऊन तिचा उपास सोडवायला आले होते. तिने तोंड फिरवलं होतं. त्यांना म्हणाली होती, तुह्या हातचा रस पेला तं मले हगवण लागन. हे सांगताना ती स्वतःच हसली आणि तिला ठसका लागला.

मग हसणं थांबवून माझ्याकडे बघत राहिली. आमच्याकडे कुणी अन्न सोडून बसलं तर ज्याच्या हातचा पहिला घोट घेतला जातो तो माणूस त्या शब्दाला जामीन होतो. कागदावर हे कुठे नाही, पण बेलदारपुऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. मोठमोठ्या भांडणांत घडलेलं मी पाहिलेलं होतं. शब्द मोडला तर उपाशी राहिलेला माणूस त्या जामिनाच्या दारात जाऊन बसतो, आणि मग त्या घरी चूल पेटत नाही.

“तू देतं का?” मावशीने विचारलं.

“देतो.”

“हे इंदूनं सांगतलं का तू सांगतं?”

“इंदूने सांगितलं,” मी म्हणालो. “मी सांगतो.”

गाडीवाल्याकडून संत्री घेतली. मशीनचा रस नको म्हणाली, म्हणून मी हातानेच पिळली. बिया वेचून काढल्या आणि तिच्याच पितळी पेल्यात रस दिला. तिने दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं आणि थोडं थोडं करून प्याली. तिचे हात गार होते. बायकांनी घागरी उचलल्या. कुणीतरी घागर वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच वाजवली. पोलीसही हसत होते. मी स्वतः त्यांना एसटी स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं. मावशीला खिडकीची जागा दिली. गाडी निघाली तेव्हा तिने बाहेर हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला.

इतका आनंद मला इंदू निवडून आली तेव्हाही झाला नव्हता.

संध्याकाळी नाना आमच्याकडे जेवायला आले. वांग्याची भाजी आणि भाकरी त्यांनी मुद्दाम करायला सांगितली होती. पाटावर मांडी घालून बसले आणि मला म्हणाले, मनोहरराव, सरकारच्या गळ्यातला फास तुम्ही काढलात. बाई दगावली असती तर विरोधकांनी अधिवेशन चालू दिलं नसतं. मी म्हणालो, माझं काय, शब्द इंदूचा होता. नानांनी इंदूकडे बघितलं आणि आणखी अर्धी भाकरी घेतली. इंदू वाढत होती. तुम्ही बसा की, नाना म्हणाले. ती म्हणाली, मला भूक नाही.

झोपताना मी तिला मावशीने हात डोक्यावर ठेवला ते सांगितलं. तिने माझ्याकडे पाठ केली होती. झोपली असेल असं वाटलं.

सकाळी मी अंघोळ करून व्हरांड्यात आलो तर चौबळ हार घेऊन उभे. अभिनंदन म्हणाले. बाईंना बढती होती. राज्यमंत्र्याच्या कॅबिनेट मंत्री झाल्या, महिला आणि बालकल्याण. दुपारी राजभवनावर शपथ. मग मी विचारलं की ह्या खात्याचं काय.

“ते मोडलं,” चौबळ म्हणाले. “नगरविकासात घातलं. नानासाहेबांकडे.”

मी विचारलं, मग नळांचं? त्यांनी हार खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि माझ्यापासून थोडं बाजूला होऊन उभे राहिले. आश्वासन बाईंच्या खात्याने दिलेलं, खातं उरलं नाही. प्रकरण सभागृहाच्या समितीकडे जाईल. समिती वर्षाने विचारेल. नगरविकास म्हणेल, जुन्या खात्याचे कागद आमच्याकडे आलेले नाहीत. समिती मुदत देईल. तोवर नळ बंद होऊन लोक विसरलेले असतील. ते हे सगळं हवामान सांगावं तसं सांगत होते.

“मागे दोनदा असंच झालं,” ते म्हणाले. “एकदा रस्त्यावरच्या दिव्यांवरून, एकदा पाणपट्टीवरून. मोर्चा येणार असं दिसलं की खातं काढायचं, शब्द द्यायला लावायचा, मोर्चा घरी गेला की खातं मिटवायचं. शब्द देणारा कुणी उरत नाही. त्यासाठीच ते ठेवलंय हो. तुम्हाला कुणी बोललं नाही?”

माझ्या डोक्यात एकच होतं, की नानांनी इंदूला फसवलं. तिच्या तोंडून शब्द काढून घेतला आणि तिच्या पायाखालची फळी ओढली. वर तोंड बंद करायला हे नवं खातं. इंदूला हे कळलं की ती शपथ घेणारच नाही असं मी धरून चाललो. चौबळांना तसं म्हणालोही. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, तुम्ही आधी त्यांच्याशी बोला.

मी आत जायला वळलो, तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. शालूताई उतरल्या. इंदूची थोरली बहीण, अमरावतीला असतात. हातात बर्फीचा डबा, अंगावर पैठणी, केसात गजरा. माझ्या पाया पडायला वाकल्या तसं मी म्हणालो, अहो, तुम्ही मोठ्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आज तुम्ही मोठे, कॅबिनेट मंत्र्यांचे यजमान.

मला कळेना. ही बातमी तर आत्ता फुटली. अमरावतीहून इतक्यात कशा आल्या?

“सोमवारीच फोन आला तिचा,” शालूताई म्हणाल्या. “गुरुवारी शपथ आहे, ये, पण कुणाला बोलू नकोस म्हणाली. म्हटलं मनोहररावांनाही नाही? तर म्हणे, त्यांना मी सांगते. मग सांगितलं ना?”

मावशीचा उपास मी बुधवारी सोडवला होता.

शालूताईंना मी बसा म्हणालो. आत गेलो. इंदू आरशासमोर होती. मोतिया रंगाची नवी साडी, मी आधी पाहिलेली नव्हती. ती केसांत पिना खोचत होती आणि आरशातूनच तिने मला बघितलं. माझा कोट खुर्चीवर होता, इस्त्री केलेला.

“शालूताई आल्यात,” मी म्हणालो.

तिने शेवटची पिन लावली. हात खाली घेतले. इंदू एक गोष्ट कधी करायची नाही. विचारलं तर खोटं बोलायची नाही. लग्नापासून तसंच. न विचारलेलं सांगेलच असं नव्हे, पण विचारलं तर खरं सांगायची. काल मी विचारलं होतं नक्की ना, आणि ती म्हणाली होती नोंद झाली आहे. तेही खरंच होतं.

“तुला सोमवारी माहीत होतं?”

“हो.”

“खातं मोडणार हे?”

“दिवाळीत खातं दिलं तेव्हाच नाना म्हणाले होते, दोन महिन्यांचं आहे. का ते तेव्हा बोलले नव्हते. सोमवारी बोलले.”

मी पलंगावर बसलो. तिने खुर्ची माझ्याकडे फिरवली. ती रडत नव्हती, घाबरलीही नव्हती. गावातल्या एखाद्या बाईला रेशनकार्डाचं समजावून सांगावं तसं मला सांगत होती. नळ बंद होणार हे ठरलेलंच होतं. ती नाही म्हणाली असती तर नाना दुसऱ्या कुणाला बसवणार होते आणि तिला घरी पाठवणार होते. डॉक्टर रोज चौकात जाऊन मावशीला तपासत होते. तिची साखर अशी खालीवर होत होती की ती आणखी दोन दिवस काढायची नाही असं ते म्हणाले होते. पोलिसांनी उचलून नेलं असतं तर तिने सलाईन उपटून टाकली असती. ती मेली असती तर नळही गेले असते आणि मावशीही.

“ते मी विचारलं नाही,” मी म्हणालो. “मला का पाठवलंस?”

“ती दुसऱ्या कुणाच्या हातचं प्याली नसती.”

“मग मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर गेला असतात?”

“नाही.”

“म्हणून नाही सांगितलं,” इंदू म्हणाली.

बाहेर शालूताई चौबळांना बर्फी देत होत्या, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. इंदूने हात पुढे केला, माझ्या गुडघ्यावर ठेवणार होती बहुतेक, पण ठेवला नाही. मावशी जिवंत आहे, ती म्हणाली. तुम्ही माझा राग करा, पण ती जिवंत आहे हे धरून राग करा. मग म्हणाली, गाडी अकराला येईल. कोट घाला.

मी कोट घातला नाही. कपडे पिशवीत भरले आणि मागच्या दाराने निघालो. एसटीत मावशी बसली होती त्याच बाजूला मला जागा मिळाली. वाटेत एका थांब्यावर कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर शपथविधीची बातमी ऐकली. इंदूचा आवाज स्वच्छ होता. ईश्वरसाक्ष शपथ घेते, म्हणाली.

मंगसूरला पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. पुऱ्याच्या तोंडाशी सार्वजनिक नळ आहे, म्हणजे होता. बायकांनी त्याच्या खांबाला झेंडूची माळ घातली होती आणि हळदीकुंकू वाहिलं होतं. पोरी पाणी भरत होत्या. मला बघून एकीने घागर बाजूला घेतली, काका, हात-पाय धुवा म्हणाली. मी तसाच पुढे गेलो.

मावशी दाराशी बाजेवर बसून ताटलीतला मऊ भात खात होती. सून ताक घालत होती. शेजारपाजारच्या बायका होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. खातं मोडलं, शब्द गेला, नळ बंद होणार. इंदू दुसऱ्या खात्याची मोठी मंत्री झाली. एवढंच. सुनेच्या हातातलं ताकाचं भांडं तसंच तिरकं राहिलं आणि ताक भातावरून खाली सांडलं.

मावशीने तोंडातला घास गिळला.

“तुले माहीत होतं?” तिने विचारलं.

एसटीत मी याचा विचार केला नव्हता. मी नाही म्हणायलाच आलो होतो. खरं होतं ते. पण सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझ्या लक्षात आलं की मी नाही म्हणालो की उद्यापासून पुऱ्यात दुसरीच गोष्ट सांगितली जाईल. मंत्री फसवतात, हे लोक धरूनच चालतात. त्याला शिव्या देतात आणि पुढच्या वेळी मतही देतात. पण हिने घरच्या माणसाला फसवलं, पोटातलं पाप त्याच्या हातून दुसऱ्याला पाजलं, हे त्यांनी कधी सोडलं नसतं. इंदूला याच पुऱ्यात यायचं होतं. याच नळावर तिने लग्नानंतरची पहिली घागर भरली होती.

“होतं,” मी म्हणालो.

मावशीने ताटली खाली ठेवली. “मंग आता कायले सांगाले आला?”

मग ती म्हणाली, जाय घरी. ओरडली नाही. मी निघालो तेव्हा मागून कुणीतरी थुंकल्याचा आवाज आला, पण मावशी नव्हती ती, वळून न बघताही मला ते माहीत आहे.

ठरल्याप्रमाणे तिने माझ्या दारात येऊन बसायला पाहिजे होतं. मी दुसऱ्या दिवशी दार लवकर उघडलं. ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी चूल पेटवत नव्हतो, बाहेर मागवून खात होतो, तेही आत बसून. ती आली असती, बसली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. जामिनाच्या दारात बसतात ते त्याच्याकडून काही निघेल असं वाटतं म्हणून. तिला तसं वाटलं नाही. पुढे ती बारा वर्षं जगली. समोर आली तर पदर सारखा करून पलीकडच्या अंगाने जायची.

जानेवारीत नगरपालिकेची माणसं आली आणि नळाला बूच मारून गेली. माळ वाळून तशीच लोंबत होती.

माझ्या दुकानामागे स्वतःचं बोअर होतं. मोटार मीच भरलेली. मी रस्त्याच्या बाजूला पाइप काढला, तोटी बसवली, खाली सिमेंटचा ओटा केला. घागर ठेवायला खळगा केला. सकाळ-संध्याकाळ मोटार चालू करून ठेवायचो. पुऱ्यातल्या बायका तो नळ ओलांडून रेल्वेच्या हौदावर जायच्या, घागर घेऊन अर्धा कोस. एक घागर कुणी माझ्याकडे भरली नाही. पोरं तहान लागली तर ओंजळीने पाणी प्यायला यायची, तर त्यांच्या आया हाक मारून बोलवायच्या. मी सकाळ-संध्याकाळची वेळ ठेवणं सोडलं, मोटार दिवसभर चालू ठेवली, तरी नाही.

इंदू संक्रांतीला घरी आली. पुढे-मागे गाड्या, पोलीस. नानांनी जाहीर सत्कार ठेवला होता, तो तिने रद्द करायला लावला असं नंतर कळलं. मी पुऱ्यात काय सांगितलं ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. गाडीतून उतरली आणि दारात उभी राहून तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ती विचारेल की असं का सांगितलंत. विचारलं असतं तर मीही खरं सांगितलं असतं. पण तिने विचारलं नाही. आत गेली, चहा ठेवला, माझ्यापुढे आणून दिला. आम्ही तीळगूळ घेतला. त्याबरोबर ‘गोड बोला’ म्हणतात, ते आम्ही बोललो नाही.

सकाळी मी दुकानात होतो. पाहिलं तर इंदू घागर घेऊन रस्त्याने येत होती, एकटी. पोलिसाला तिने फाटकाशीच उभं केलं होतं. पुऱ्यातल्या बायका आपापल्या दारांत आल्या. मावशीही होती. इंदूने ओट्यावर घागर ठेवली, पदर कमरेला खोचला, घागर भरली. घासून भरली, पहिलं पाणी ओतून दिलं आणि दुसरं भरलं, तशी तिची पद्धत. कमरेवर घेतली आणि सगळ्यांच्या समोरून घरी नेली. कुणी तिच्याशी बोललं नाही, ती कुणाशी बोलली नाही.

त्यानंतर ती जेव्हा जेव्हा मंगसूरला आली तेव्हा तिने तिथलंच पाणी भरलं. मंत्रीपद गेल्यावर कायमची घरी आली, तेव्हा रोज. घरात मीटरचा नळ होता, चोवीस तास नाही, पण होता. गुडघे गेले तेव्हा घागरीच्या जागी कळशी आली. शेवटी शेवटी तांब्या. त्या नळावर पाणी भरणारी ती एकटीच.

ती का भरते, हे मी तिला कधी विचारलं नाही. मी विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं.